लग्नाची नोंद सापडत नाही तेव्हा : डहाणू-तलासरीत कुटुंबाचा माग कसा काढावा

आपल्या अनेक तरुणांना आजोबांचे नाव माहीत असते, पणजोबांचे अंदाजाने सांगता येते आणि पणजीच्या नावापाशी सगळे अडते. मग कोणीतरी सांगते की जुन्या लग्नांच्या नोंदी आता इंटरनेटवर आल्या आहेत, नाव टाकले की सापडतात. मुलगा मोबाईल घेऊन बसतो, आडनाव टाकतो, 'डहाणू' टाकतो, 'उंबरगाव' टाकतो. काहीच येत नाही. दोन-चार रात्री घालवल्यावर त्याची समजूत होते की आपल्या घराला इतिहासच नाही.

ही समजूत चुकीची आहे. इंटरनेटवरच्या लग्नाच्या नोंदी कोणाच्या आहेत, आपल्या लोकांच्या का नाहीत, आणि मग आपल्या पणजीचे लग्न कोणत्या कागदात शोधायचे, याची माहिती येथे दिली आहे. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील बौद्ध तरुण आणि कार्यकर्ते डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले असले, तरी पालघर जिल्ह्यात इतरत्रही त्याचा उपयोग होईल.

कोणाची लग्ने लिहिली गेली?

इंग्रजी अमलात सरकारने सरसकट सगळ्यांची लग्ने कधीच लिहिली नाहीत. ख्रिस्ती लग्ने चर्चच्या वहीत लिहिली जात. मुंबई इलाख्यातील अशा नोंदींच्या प्रती लंडनला जात. आज फाइंडमायपास्टसारख्या पैसे घेणाऱ्या संकेतस्थळांवर दिसतात त्या प्रामुख्याने याच, म्हणजे गोरे अधिकारी, रेल्वेतले युरोपियन आणि अँग्लो-इंडियन नोकर यांच्या. पारशांसाठी १८६५ चा स्वतंत्र विवाह कायदा होता आणि त्यात नोंद ठेवण्याची तरतूद होती. त्यामुळे डहाणू, बोर्डी, घोलवड पट्ट्यातील पारशी कुटुंबाला पणजोबांच्या लग्नाचा कागद मिळण्याची शक्यता बरीच आहे. मुसलमानांचे निकाह काझीच्या वहीत असत.

उरले बाकीचे सगळे. १८७२ चा नागरी विवाहाचा कायदा होता, पण आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, शीख, जैन किंवा बौद्ध यांपैकी कोणत्याही धर्माचे नाही असे जाहीर करणाऱ्यांसाठीच तो होता. गावच्या महारवाड्यातील किंवा वारली पाड्यावरील माणसाचा त्याच्याशी संबंध येण्याचे कारण नव्हते.

फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर हरिद्वार, त्र्यंबकेश्वर अशा तीर्थक्षेत्रांच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रे आहेत. त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी आहेत, हे खरे. पण तीर्थोपाध्यायाच्या वहीत नाव येते ते त्याच्या यजमानाचे. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांनी तिथे आपले नाव न सापडल्याचे आश्चर्य मानू नये. एकदा नाव टाकून पाहायला हरकत नाही. महिनाभर त्यात घालवू नये, इतकेच.

म्हणून 'नोंद नाही' याचा अर्थ 'लग्न झाले नाही' किंवा 'घराणे नव्हते' असा होत नाही. नोंद ठेवणाऱ्याला आपले लग्न लिहिण्याजोगे वाटले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सावकाराचा चोपडा

डहाणू-तलासरीत मात्र गरिबाचे लग्न एका ठिकाणी नक्की लिहिले जात होते, ते म्हणजे सावकाराच्या चोपड्यात. लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडून कर्ज काढायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे, अशी रीत इथल्या आदिवासींवर लादलेली होती. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज नवऱ्याच्या नावावर असे, राबायचे दोघांनी. ते फिटत नसे, कारण हिशेब सावकाराच्या हातात आणि अंगठा कर्जदाराचा. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात या लग्नगड्यांची हकिकत विस्ताराने आली आहे. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे किसान सभेची जी सभा झाली आणि वेठबिगारी नाकारणारा जो लढा उभा राहिला, त्याच्या मुळाशी हे लग्नाचे कर्जही होते.

हे चोपडे आज संशोधकाला मिळणे कठीण. ते खासगी घरांत राहिले किंवा नष्ट झाले. पण घरातल्या म्हाताऱ्यांना 'आजोबा अमक्याकडे लग्नापायी राहिले होते' असे आठवत असेल, तर ते वाक्य जसेच्या तसे लिहून घ्यावे. त्यातून लग्नाचा काळ, गाव आणि जमीनदाराचे नाव अशा तीन गोष्टी मिळतात. त्या जमीनदाराच्या जमिनीच्या जुन्या कागदांत पुढे कूळ म्हणून आजोबांचे नाव सापडू शकते.

तलासरीत २०११ च्या जनगणनेनुसार दहा माणसांत नऊ आदिवासी आहेत, डहाणूत सुमारे सात. आपले कार्यकर्ते आदिवासी मित्रांच्या कागदपत्रांसाठीही धावपळ करतात, म्हणून एक गोष्ट इथेच नोंदवतो. वारली लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई. तिथे भट नाही आणि वही तर नाहीच. पैशाअभावी जोडपे आधी एकत्र राहू लागते आणि विधी पुष्कळ वर्षांनी, कधी तर मुलांच्या लग्नाच्या मांडवातच होतो. तेव्हा लग्नाची तारीख मुलांच्या जन्मानंतरची दिसली तर ती चूक समजून 'दुरुस्त' करू नये.

'कोम' हा शब्द शोधा

लग्नाची वही नसली तरी लग्नाच्या खुणा दुसऱ्या कागदांत पडलेल्या असतात. त्या वाचायला शिकणे हेच खरे काम आहे.

महसुली कागदांत बाईचे नाव नवऱ्याशी जोडताना 'कोम' किंवा 'भ्रतार' (लिहिताना नुसते 'भ्र.') असा शब्द येतो. बापाशी जोडताना 'बिन' किंवा 'वलद' येतो. समजा, एखाद्या फेरफारात 'सोनी कोम धाकू' असे लिहिले आहे. ही दोन नावे आणि मधला एक शब्द म्हणजे त्या काळातली तुमच्या पणजीच्या लग्नाची सरकारी नोंद. तारीख नाही, मांडव नाही, पण त्या फेरफाराच्या दिवशी सोनी ही धाकूची बायको होती एवढे पक्के होते. शेजारी 'मयत' असेल तर धाकू तोवर वारला होता. 'अ. पा. क.' असेल तर वारस मूल अज्ञान आहे आणि त्याचे पालनपोषण करणारी ती आहे. 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, अर्थात भाऊ अजून वेगळे झालेले नाहीत.

हे कुठे पाहायचे? गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही आणि सहा-क म्हणजे वारसा नोंदवही. कुटुंबाच्या इतिहासासाठी जमिनीच्या कागदांत वारसाच्या नोंदीइतका मोलाचा कागद नाही, असे माझे मत आहे, कारण माणूस मेल्यावर त्याची बायको, मुलगे आणि पुष्कळदा लग्न होऊन गेलेल्या मुली एकाच जागी लिहिल्या जातात. मुलीच्या नावापुढे सासरचे गाव असेल तर सोयरिकीचे दुसरे गाव हाती लागते. सातबारावर आज दिसणाऱ्या नावाखाली फेरफार क्रमांक असतो. तो धरून मागे मागे जावे.

राज्य शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावर 'आपले अभिलेख' या विभागात जुने सातबारा, फेरफार आणि इतर जुने भूमी अभिलेख स्कॅन करून ठेवले आहेत आणि त्यात पालघर जिल्हा आहे. खाते उघडून जिल्हा, तालुका, गाव आणि अभिलेखाचा प्रकार निवडायचा, अशी रीत आहे. इथे माणसाच्या नावाने शोधता येत नाही, गट किंवा सर्व्हे नंबर लागतो, म्हणून तो आधी काढून ठेवावा. सगळी पाने चढलेली असतीलच असे नाही. नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा.

आपल्या अनेक कुटुंबांकडे जमीनच नव्हती, मग फेरफार कुठला, हा प्रश्न रास्त आहे. महार वतन असेल तर गाव नमुना तीन, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही पाहावी. वतनाच्या कागदांत पाळी, हिस्से आणि वारस यांची नोंद असते. ज्या वतनाने आपल्याला गावाचे चोवीस तासांचे चाकर केले आणि ज्याच्या कायद्यात बदल व्हावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात विधेयक आणले, त्याच वतनाच्या वहीत आज आपल्या पूर्वजांची नावे सापडतात, हा विचित्र योग आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने संपली आणि जमिनी पूर्वीच्या वतनदारांना पुन्हा प्रदान झाल्या. त्या वेळच्या फेरफारांत कुटुंबे पुष्कळदा एकत्र दिसतात.

वतनही नसेल तर कोतवाल बुक. गावातील जन्म-मृत्यूची ही नोंदवही, म्हणजे गाव नमुना चौदा. तीत तारीख, बापाचे नाव आणि जात असते. आईचे नाव क्वचितच. लग्नाचा काळ काढायचा असेल तर घरातल्या सर्वांत थोरल्या मुलाची किंवा मुलीची नोंद शोधावी आणि तिथून मागे अंदाज बांधावा. हा अंदाजच आहे, तो वंशावळीत तारीख म्हणून लिहू नये. १ एप्रिल १९३० पासून बालविवाहाला बंदी घालणारा सारडा कायदा लागू झाला आणि त्याआधीच्या काही महिन्यांत देशभर लहान मुलांची लग्ने घाईघाईने उरकली गेली. पणजीचे लग्न 'पाळण्यात' झाले होते असे घरात सांगत असतील आणि तिचा जन्म त्या सुमाराचा असेल, तर ही गोष्ट लक्षात ठेवावी.

शाळेचे जनरल रजिस्टर सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. आधीच्या शाळेचा रकाना मात्र चुकवू नये. कुटुंब कोणत्या गावातून आले ते पुष्कळदा त्यातूनच समजते.

नावे बदलतात, लिपी बदलते, राज्यही बदलते

एकच माणूस तीन कागदांत तीन नावांनी सापडतो. जुन्या कागदांत महार पुरुषांच्या नावाला 'नाक' जोडलेले असे, जसे रामनाक, गोविंदनाक. पुढे 'नाक' गळते आणि आडनाव येते, कधी गावावरून. लग्नानंतर सुनेचे नाव बदलण्याची प्रथा होती. त्यामुळे माहेरच्या कोतवाल बुकातली मुलगी आणि सासरच्या फेरफारातली बाई ही एकच, हे कागद सांगत नाही, घरातली म्हातारी सांगते. आणि ती आज ऐंशी वर्षांची आहे. संकेतस्थळे उद्याही राहतील, आधी तिच्यापाशी बसा. तिला 'लग्न कधी झाले' विचारले तर उत्तर येणार नाही. 'लग्नात कोणते पीक उभे होते', 'वऱ्हाड कशाने गेले, आगगाडीने की बैलगाडीने', 'तेव्हा बाबासाहेब होते का' असे विचारले की उत्तर येते.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर जातीचा आणि धर्माचा रकाना बदलतो. आधी 'हिंदू महार', नंतर कुठे 'बौद्ध', कुठे 'नवबौद्ध', तर कुठे तेच जुने. महाराष्ट्रात १९६१ च्या जनगणनेत २७ लाख ८९ हजारांहून अधिक लोकांनी स्वतःला बौद्ध म्हणून लिहवले. तरी शाळेच्या दाखल्यावर त्याच घरातल्या दोन भावंडांचे रकाने वेगळे दिसतात. राज्याने नवबौद्धांना सवलती १९६० मध्ये दिल्या, केंद्राने १९९० मध्ये. मधल्या तीस वर्षांत मुलाच्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी बापाने काय लिहवले, यावरून आज त्याच्या निष्ठेचा निवाडा करू नये.

जात पडताळणीसाठी या सगळ्याचा थेट उपयोग आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० हा दिनांक महत्त्वाचा, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. त्या दिवशी कुटुंब कोणत्या गावात राहत होते याचा त्याआधीचा पुरावा मागितला जातो. जुन्या कागदात 'महार' असेल तर तो तसाच सादर करावा. खाडाखोड केलेली किंवा 'सुधारलेली' नक्कल पुरावा म्हणून निरुपयोगी होते, शिवाय गुन्हा ठरू शकतो. आणि नात्याची साखळी जोडताना जिथे कागद अपुरा पडतो, तिथे पणजीचा 'कोम' कामाला येतो.

तलासरीकरांसाठी आणखी एक अडचण आहे. १९६० मध्ये मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातील ठरावीक गावे गुजरातला गेली. इकडे राहिलेल्या गावांचा पुढे तलासरी तालुका झाला. म्हणून १९६० पूर्वीच्या कागदांवर तालुका 'उंबरगाव' असणार. तलासरी शोधत बसलात तर कागद समोर असून दिसणार नाही. पणजीचे माहेर आता गुजरातमध्ये असेल तर चौकशी तिकडच्या उंबरगाव मामलतदार कचेरीत करावी लागेल आणि कागद गुजराती लिपीत असू शकतो. महाराष्ट्रातला जुना कागद मोडीत असू शकतो. सोयरीक दमणला झाली असेल तर १९६१ पर्यंत तो मुलूख पोर्तुगीजांचा होता हे ध्यानात ठेवावे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, तेव्हा जिल्हा पातळीवरचा जुना कागद ठाण्याकडेही विचारावा लागतो. मोडी वाचणारा माणूस शोधण्यापेक्षा प्रत्येक तालुक्यातल्या दोन मुलांनी मोडी शिकणे सोपे आहे. देवनागरी येणाऱ्याला काही महिन्यांच्या सरावाने ती वाचता येऊ लागते. नकलनवीस मात्र हातात येईल तसे लिहितो, त्याला इलाज नाही.

२०२३ पासून आणखी एक साठा उघडला आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि त्या कामात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जुन्या नोंदी स्कॅन होऊन जिल्हा संकेतस्थळांवर आल्या. शोध कुणब्यांचा होता, पण कोतवाल बुकाचे पान सगळ्या गावाचे असते. त्याच पानावर वरखाली आपलीही नावे असू शकतात, म्हणून आपल्या गावाची पाने उघडून पाहावीत.

आपल्या लग्नांच्या वह्या

आता १९५६ नंतरच्या काळाविषयी. इथे 'आमच्या नोंदी कोणी ठेवल्या नाहीत' असे म्हणता येत नाही, कारण त्या आपणच ठेवल्या आहेत. भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य मंगल परिणय लावतात आणि प्रमाणपत्र देतात. त्या प्रमाणपत्राची स्थळप्रत किंवा नोंद शाखेकडे राहते. वधूवरांची पूर्ण नावे, आईवडील, गाव, वय, साक्षीदार. ज्या पणजीच्या नावासाठी आपण तीन कचेऱ्या पालथ्या घालतो, तिच्या नातीची सगळी माहिती एका ओळीत आहे. आणि ती वही आज कुठे आहे? एखाद्या वृद्ध बौद्धाचार्याच्या घरी, लोखंडी पेटीत, वाळवी आणि पावसाच्या भरवशावर. डहाणूच्या किनाऱ्यावरची दमट हवा कागदाला किती वर्षे देते ते सांगायला नको. माणूस जातो, घर बांधायला काढतात, पेटी भंगारात जाते.

शाखांनी हे काम यंदाच हाती घ्यावे. मोबाईल उंचावर स्थिर बसवून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता पानापानाचे छायाचित्र घेता येते. पहिले छायाचित्र वहीच्या मुखपृष्ठाचे, दुसरे शाखेचे नाव आणि वर्ष लिहिलेल्या चिठ्ठीचे. कोरे पानही सोडू नये, नाहीतर पुढे कोणीतरी पान फाडले की गाळले यावर वाद होतो. फाईलला गाव, वर्ष आणि पान क्रमांक असे नाव द्यावे. एक प्रत शाखेकडे, एक तालुक्याकडे आणि एक पूर्णपणे वेगळ्या गावी ठेवावी. मूळ वही ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून काढून घेऊ नये. त्यांनी ती इतकी वर्षे सांभाळली आहे. मग एका साध्या तक्त्यात वधू, वर, दोन्हीकडची गावे आणि तारीख उतरवावी. वधूचे माहेरचे नाव आणि आईचे नाव यांना स्वतंत्र रकाने असलेच पाहिजेत. आपणही तक्ता वराच्या आडनावाने लावला, तर सरकारी वहीने केले तेच आपण केले. जुन्या लग्नपत्रिकाही त्याच फायलीत याव्यात. प्रेषक, निमंत्रक, मामा अशा नावांनी पत्रिका म्हणजे एका पिढीची वंशावळच असते.

विहारातले लग्न आणि सरकारी नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तरुणांना माहीत हवे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू होतो. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी जुनी आहे आणि ती योग्यच आहे, पण तोवर नोंद आहे त्याच कायद्यांखाली होणार. राज्यात १९५३ चा विवाह नोंदणी कायदा होता, नंतर १९९८ चा आला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हाच विवाह निबंधक असतो. लग्नापासून ९० दिवसांत नमुना 'ड' भरून दिला तर विलंब शुल्क लागत नाही. बौद्धाचार्यांनी प्रमाणपत्रासोबत हा कोरा नमुना हातात ठेवला, तर निम्मे काम मांडवातच होईल.

राहता राहिली गोपनीयता. जुन्या पानावर एकट्या आपल्याच घराचे नाव नसते. कोणाचे दुसरे लग्न, कोणाचे अल्पवयात, कोणाचे मूल दगावले, सगळे तिथे असते. पूर्ण पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकू नये, आपली ओळ तेवढी कापून घ्यावी. हयात जोडप्यांच्या नोंदी त्यांच्या संमतीशिवाय इंटरनेटवर चढवू नयेत. शाखेच्या वहीची यादी करताना आधी फक्त गाव आणि वर्षे जाहीर करावीत, नावे नाहीत. ज्याला हवे तो येऊन आपल्या घरची ओळ पाहील.